सैनिकाच्या घराची जबाबदारी कोणाची?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिन म्हटला की विहार कसा उभा राहिला याची आठवण निघते. कोणी विटा दिल्या, कोणी रेती टाकली, कोणी लावणीची मजुरी सोडून दोन दिवस स्लॅबवर उभे राहिले. हे बोललेच पाहिजे. पण उभ्या राहिलेल्या विहाराने आता काय करायचे, हेही वर्षातून एकदा बोलले पाहिजे. म्हणून समितीने विचारले तेव्हा आम्ही एकच विषय मागून घेतला, आणि तो म्हणजे आपल्यातली सैनिकांची घरे.

आम्ही म्हणजे कोण, हेही सांगतो. फौजेतून घरी आलेले आमच्यातले काहीजण, शाळेतले दोघे शिक्षक, आणि महिला मंडळातल्या तीन-चार भगिनी. रविवारी वंदना झाली की आम्ही इथेच सतरंजीवर बसतो आणि कोणाचे काही कागद असतील तर ते पाहतो. आमच्याकडे पद नाही की शिक्का नाही. पण या बसण्यातून जे कळले ते तुमच्यासमोर ठेवावे असे वाटले.

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजाचे आणि पलटणीचे नाते फार जुने आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगावला लढाई झाली. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या नावांत ज्यांच्या शेवटी 'नाक' आहे ती नावे आपण दरवर्षी अभिमानाने वाचतो. परमपूज्य बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले आणि त्यानंतर ती वाट आपल्या समाजाची झाली. परंतु दगडावरच्या प्रत्येक नावामागे एक घर होते. त्या घरात कोणाची म्हातारी आई असेल, कोणाची कडेवर मूल घेतलेली बायको असेल. दगडावर त्यांची नावे नाहीत. आज आम्हाला त्या घरांबद्दल बोलायचे आहे.

बाबासाहेब स्वतः सैनिकाच्या घरातले. आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सुभेदार होते. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या, आणि ते घराणेही फौजीच. मुरबाड म्हणजे काही परमुलूख नव्हे, आपल्याच ठाणे जिल्ह्यातले. म्हणजे बाबासाहेबांच्या आईच्या बाजूचे सैनिकी घर आपल्या शेजारचेच, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्यासाठी शाळा असत. गावात आपल्या पोरांना शाळेच्या पायरीवर चढू देत नव्हते, त्या काळात पलटणीत मुलीसुद्धा लिहायला-वाचायला शिकत होत्या. रामजी सुभेदार अशाच शाळेत मुख्याध्यापक होते. सैनिकाच्या कुटुंबासाठी केलेली एक सोय काय करू शकते, हे यापेक्षा मोठ्या उदाहरणाने सांगता येणार नाही. सुभेदारांच्या हातात पाटी-पेन्सिल आली, तिचा प्रकाश आपल्या सगळ्यांच्या घरात पडला.

आणखी एक प्रसंग सांगतो. तो बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. साल १९०१. रामजी सुभेदार तेव्हा निवृत्त होऊन सातारा भागातल्या गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर होते. आई वारलेल्या, मुले साताऱ्याला आत्याजवळ. सुटीत मुले वडिलांकडे निघाली. येत असल्याचे पत्र टाकले होते, पण ज्या गड्याच्या हाती ते पडले त्याने ते सुभेदारांना दिलेच नाही. मुले मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी नाही. मग स्टेशनमास्तरने जात विचारली, गाडीवान मिळेना, रस्त्यात पाणी मिळेना, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. जातीचा तो दाह तर आहेच. पण आम्ही हा प्रसंग वाचताना आणखी एका ठिकाणी थांबतो. घरचा कर्ता दूर असला की मागच्या माणसांचे सगळे एका चिठ्ठीवर लटकलेले असते. ती चिठ्ठी पोहोचवणारा माणूस हवा. आज चिठ्ठीच्या जागी अर्ज आला, मोबाईलवरचा संदेश आला, पासवर्ड आला. पोहोचवणारा माणूस आजही हवाच.

आणि हे पोहोचवण्याचे काम आपल्याकडे नवीन नाही. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने आपल्या लोकांची फौजेत भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी गेली, शिक्षण गेले, मान गेला. तेव्हा दापोलीला राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली आपल्या लोकांच्या वतीने अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सुरुवातीच्या तिच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

हा इतिहास आम्ही एवढ्यासाठी सांगितला, की ज्याला लिहिता येते त्याने ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी अर्ज लिहायचा, ही आपली जुनी रीत आहे. वलंगकरबाबांनी तेच केले. आपण आज तेच काम लहान प्रमाणात करायचे आहे.

आता काही जण विचारतात, आणि प्रामाणिकपणे विचारतात, की अहो, विहारात आपण पहिले शील घेतो ते प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. मग इथे बंदुकीच्या लोकांचे काम कशाला? प्रश्न रास्त आहे, टाळू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारणे भाग पडणे यांतला फरक समजावून सांगितला आहे, तो जरूर वाचावा. पण आमचे उत्तर त्याहून साधे आहे. ज्या बाईचा नवरा सीमेवर आहे आणि मूल तापाने फणफणले आहे, तिच्या दारात जाणे ही करुणा आहे. ज्या म्हातारीचा मुलगा गेला आणि तिला बँकेत कोणी उभे करत नाही, तिच्याबरोबर जाणे ही मैत्री आहे. युद्ध चांगले की वाईट हे ठरेपर्यंत तिने उपाशी राहायचे काय?

तेव्हा आता मुद्द्यावर येतो. सरकारने काही केलेले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९१९ साली सैनिकांसाठी जे मंडळ निघाले त्याचेच पुढे केंद्रीय सैनिक बोर्ड झाले. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्याला आहे, आणि आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय ठाण्याला. ७ डिसेंबरला आपण छातीला छोटा ध्वज लावून डबीत पैसे टाकतो, तो ध्वज दिन १९४९ पासून पाळला जातो आणि तो निधी याच कामासाठी असतो. २००३ पासून माजी सैनिकांसाठी ई.सी.एच.एस. ही औषधोपचाराची योजना आहे. सैनिकांच्या पत्नींची संघटना १९६६ पासून आहे. युद्धविधवांची संघटना १९७२ साली मोहिनी गिरी यांनी उभी केली. म्हणजे विहीर आहे, विहिरीत पाणीही आहे. अडचण दोराची आहे. दिघाशीहून ठाण्याला जाऊन यायचे म्हणजे बाईचा सबंध दिवस मोडतो, रोज बुडतो, आणि तिथे गेल्यावर कळते की एक कागद कमी आहे.

हा दोर म्हणजे स्वयंसेवक. इंग्लंडात १८८५ साली सैनिकांच्या कुटुंबांसाठी अशीच एक संस्था निघाली, ती आजही चालते, आणि तिचे काम मुख्यतः गावोगावचे स्वयंसेवकच करतात. त्यांना जमते ते आपल्याला का जमू नये?

काय काय करता येईल, ते आता एकेक सांगतो. कृपया घरी जाऊनही आठवावे.

पहिले काम यादीचे. आपल्या वस्तीत आणि शेजारच्या गावांत सेवेत असलेले किती, निवृत्त किती, विधवा भगिनी किती, मुलगा गमावलेले आईबाप किती, हे आपल्यालाच नीट माहीत नसते. सेना म्हटले की आपण भूदल समजतो, पण नौदल, वायुदलही आहे. सीमा सुरक्षा दल, राखीव पोलीस दल यांतही आपली मुले आहेत. त्यांचे नियम आणि कार्यालये वेगळी, पण घरचे दुःख तेच. यादी वहीत करावी, घरच्यांना विचारून करावी, आणि ती वही समितीच्या कपाटात राहावी. मोबाईलच्या ग्रुपवर ती टाकू नये. पेन्शनवाल्या एकट्या बाईचे नाव आणि नंबर कुठेही फिरले की दुसऱ्या दिवशी ठगाचा फोन येतो, "तुमची पेन्शन बंद होणार आहे, नंबर सांगा." बायांनो, फोनवर आलेला नंबर कोणालाही सांगायचा नाही, मग बोलणारा स्वतःला साहेब म्हणवो नाहीतर बँक मॅनेजर.

दुसरे काम कागदांच्या पिशवीचे. प्रत्येक सैनिकाच्या घरात एक पिशवी असावी आणि ती कुठे आहे हे घरच्या बाईला ठाऊक असावे. तीत काय काय असावे? निवृत्ताचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पी.पी.ओ., लग्नाच्या नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, पॅन, बँकेचे पासबुक, ई.सी.एच.एस.चे कार्ड आणि जिल्हा सैनिक कार्यालयाने दिलेले ओळखपत्र. सेवेत असलेल्या मुलाने लग्न झाले, मूल झाले की ते आपल्या युनिटला कळवायचे असते. त्याची जी नोंद निघते तिला फौजेत 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. ही नोंद झाली नसेल तर फौजेच्या कागदावर तुमची सून नाही आणि तुमचा नातूही नाही. मुलगा सुटीवर आला की जेवण-खाण, नातेवाईक, हळदी-लग्न सगळे करा, पण एक संध्याकाळ या पिशवीला द्या.

इथे विहाराशी जोडलेली एक गोष्ट आहे. आपली लग्ने याच विहारात बौद्ध पद्धतीने लागतात. त्रिशरण-पंचशील होते, प्रतिज्ञा होते, फोटो निघतात आणि सगळे जेवायला बसतात. नोंदणी मात्र राहून जाते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणीची व्यवस्था आहे आणि गावात ती ग्रामपंचायतीत होते. समितीने असे ठरवावे की विहारात लागलेल्या प्रत्येक लग्नाची वहीत नोंद होईल, दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांच्या सह्या होतील, आणि नोंदणीचा दाखला हातात येईपर्यंत एक कार्यकर्ता त्या घराच्या मागे लागेल. हे सगळ्याच घरांच्या फायद्याचे आहे, सैनिकाच्या घराला तर फारच.

तिसरे काम नावांचे. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण आमच्या बसण्यात सर्वांत जास्त वेळ यातच जातो. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. नवरा जुना शिपाई, निवृत्त होऊन घरी आलेला, आजारपणात गेला. फौजेच्या कागदावर मावशींचे माहेरचे नाव. सासरी आल्यावर लग्नात नाव बदललेले, आधारवर तेच. मतदार यादीत तिसरेच. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. मावशी म्हणायच्या, "मी एकटीच की रे, मग नावं तीन कशी झाली?" पेन्शन सुरू व्हायला दोन पावसाळे गेले. त्या काळात मावशींनी वीटभट्टीवर काम केले, आणि धाकट्या मुलीची शाळा सुटली. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद आणि त्याप्रमाणे फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, एवढेच करायचे होते. पण सांगणारे कोणी नव्हते. पेन्शन आज सुरू आहे. मुलीची गेलेली दोन वर्षे मात्र कोणत्याही थकबाकीत मिळत नाहीत. म्हणून नावे नवरा हयात असतानाच जुळवून घ्यायची.

चौथे काम, माणूस गेल्यानंतरचे. दुःखाच्या घरात कागदाची भाषा बोलवत नाही, हे आम्हाला समजते. पण पुण्यानुमोदन झाले की आठवडाभरात कोणीतरी शांतपणे बसून पुढील गोष्टी कराव्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला, बँकेला आणि जिल्हा सैनिक कार्यालयाला कळवावे. गेलेल्या माणसाच्या खात्यावर पेन्शन येत राहिली म्हणून कार्डाने काढत राहू नये, ती पुढे वसूल होते आणि विधवेची पेन्शनही अडते. आता संरक्षण खात्याच्या पेन्शनी बहुतेक 'स्पर्श' या संगणकीय पद्धतीत आल्या आहेत. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या आमच्या आया-बहिणी यंत्रावर बोट ठेवून ठेवून दमतात. त्यांना सांगा, आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही हा दाखला होतो. विहारातली कॉलेजची पोरे हे काम दहा मिनिटांत करतील. नोव्हेंबरचा एक रविवार त्यासाठी ठेवला तर एकाही आजीला भिवंडीला जावे लागणार नाही.

कुटुंबाच्या पेन्शनचे प्रकारही लक्षात ठेवा. साधी कुटुंब पेन्शन साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते. मृत्यू सेवेमुळे झाला असे ठरले तर विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना मृत्यू झाला तर उदारीकृत पेन्शन, ती शेवटच्या वेतनाइतकी. त्यावर महागाई भत्ता. कोणत्या प्रकारात आपले घर बसते हे एकदा लेखी विचारून घ्यावे. 'मिळते ना काहीतरी' म्हणून गप्प बसू नये.

पाचवे काम मुलांचे. माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला अर्ज करायचा, आधीच्या परीक्षेत ६० टक्के गुण हवेत. मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. हवालदार व त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान आहे, ते २०२५ च्या नोव्हेंबरपासूनच्या अर्जांना महिना १,००० वरून २,००० रुपये झाले. त्याच वेळी पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरील गरीब माजी सैनिकांचे व विधवांचे अनुदान ४,००० वरून ८,००० रुपये, आणि मुलीच्या लग्नाचे अनुदान ५०,००० वरून १ लाख रुपये झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत. राज्य शासनाने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या घराला मालमत्ता करात माफी दिली, तिचा अर्ज ग्रामपंचायतीत करायचा, जिल्हा सैनिक कार्यालयाचा दाखला जोडून. या गोष्टी फलकावर लिहून विहाराच्या भिंतीला लावा. येणारा-जाणारा वाचेल.

सहावे काम कागदाचे नाही, घरचे आहे. पोरगा लडाखला असो की आसामला, लावणी काही थांबत नाही. पावसाने आठ दिवस दडी मारली आणि मग एकदम आला की सगळ्यांना एकाच दिवशी माणसे लागतात, आणि एकट्या बाईच्या शेतावर माणसे सर्वांत शेवटी येतात. पूर्वी आपल्यात एकमेकांच्या शेतावर जाण्याची पद्धत होती. निदान सैनिकाच्या घरासाठी ती पुन्हा सुरू करू या. रात्री दवाखान्यात न्यायचे झाले तर कोणाची गाडी, कोणाचा फोन, हे आधी ठरलेले असावे. आणि एकट्या बाईकडे गेल्यावर बाईमाणसाला बरोबर घेऊन जावे, म्हणजे मदतही होते आणि गावाच्या तोंडालाही कुलूप लागते.

भिवंडी तालुक्यात जमिनीला आलेला भाव आपण पाहतोच आहोत. गोदामे झाली, मोठे रस्ते झाले, समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यात आमण्याला येऊन मिळाला. पैसा आला तशी भावकीची भांडणेही आली. फौजेतला भाऊ इथे नाही हे पाहून कागद करून घेणारे महाभागही निघतात. युद्धस्थितीत किंवा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत दावा निकालात निघू नये म्हणून १९२५ पासून कायदा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तीत सैनिक बोर्डांच्या ठिकाणी मोफत कायदेशीर सल्ल्याची सोय धरली आहे. नोटीस आली तर उशाखाली ठेवू नका. घेऊन या, एकत्र वाचू.

सातवे काम सर्वांत नाजूक. जवान मुलगा गेला की आई आणि सून दोघी एकाच दुःखात असतात, पण पैसा आला की त्यांच्या मध्ये माणसे शिरतात. कोणी सासूचे कान भरते, कोणी सुनेचे. सुनेला म्हणतात, दिराशी लग्न कर म्हणजे पैसा घरात राहील. या विचाराचा मागमूस सरकारी नियमातही होता. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेने पुनर्विवाह केला तर तिचा भत्ता चालू राहायला तो दिराशीच असला पाहिजे अशी अट होती. ती २०१७ साली काढून टाकली गेली. दिल्लीच्या कागदावरून अट गेली, आपल्या ओसरीवरून गेली का? बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्यांची लेकरे म्हणवणाऱ्यांनी एका विधवेचे लग्न तिला न विचारता ठरवू नये. पुन्हा लग्न करावे, न करावे, कोणाशी करावे, हा तिचा अधिकार. पेन्शनवर काय परिणाम होतो ते जिल्हा कार्यालयातून लेखी समजून घ्यावे, चावडीवरच्या वकिलांकडून नाही. आणि म्हाताऱ्या आईबापांनाही वाऱ्यावर सोडू नये. महिला मंडळाच्या वडीलधाऱ्या बायांनी दोघींच्यात बसावे. निवाडा करायला बसू नये, ऐकायला बसावे.

एक कडू गोष्टही बोलतो. सैनिकी कॅन्टीनचे कार्ड विधवेला मिळते ते घरात साबण, तेल, किराणा स्वस्त यावा म्हणून. तिच्या कार्डावर बाटली मागायला जाणारे काही जण आपल्यातच आहेत. पाचवे शील सकाळी घ्यायचे आणि संध्याकाळी मावशीच्या दारात कार्ड मागायचे, हे शोभत नाही. आम्ही फौजेतून आलेले लोक हे सांगतो, कारण बाटलीने किती निवृत्तांची घरे बसली ते आम्ही जवळून पाहिले आहे. शिपाई चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. इथे त्याला हुद्दा नाही, काम नाही, झोप लागत नाही. घरचे म्हणतात, "फौजेतून आला आणि चिडका झाला." अशा माणसाला चारचौघांत नावे ठेवण्यापेक्षा कामाला जोडून घ्या. मनाचा त्रास असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरावर मराठीतही बोलता येते. सैनिकांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्यात आहे. मनाचे दुखणे लपवण्याचे नाही. मनाकडे पाहायला शिकवणारा धम्म आपला आहे.

आणि आता नवीन पिढीचा प्रश्न. २०२२ पासून शिपाई म्हणून भरती अग्निवीर योजनेतून होते. चार वर्षे सेवा, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम करण्याची तरतूद. बाकीच्यांना सेवा निधीची साधारण पावणेबारा लाख रुपये रक्कम मिळते, पेन्शन नाही. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा असतो. सकाळी रस्त्यावर धावणारी आपली पोरे पाहून छाती भरून येते. पण चार वर्षांनी पंचविशीच्या आतला हा मुलगा घरी येईल तेव्हा त्याच्या हातात मोठी रक्कम आणि समोर मोकळा रस्ता असेल. त्या रकमेवर मोटारसायकलवाल्याचाही डोळा असेल आणि दुप्पट करून देणाऱ्याचाही. भरतीला जातानाच वारसदाराचे नाव नीट भरा, शिक्षण अर्धवट असेल तर ते चालू ठेवा, आणि परत आल्यावर त्याला बसवून घेणारी दोन माणसे विहारात असू द्या.

मदत करणाऱ्यांसाठीही चार बंधने सांगतो, कारण चांगल्या कामाला कीड इथूनच लागते. अर्ज लिहून दिल्याबद्दल एक रुपयाही घ्यायचा नाही, चहासुद्धा विहाराचा. मूळ कागद आपल्याकडे ठेवायचे नाहीत, झेरॉक्स काढून मूळ त्याच दिवशी परत. कोणाच्या खात्यात किती आले हे बाहेर बोलायचे नाही. आणि मदत देताना फोटो काढायचा नाही. विधवेच्या हातात साडी देतानाचा फोटो छापून आपण मोठे होत नाही, ती मात्र लहान होते.

आमची समितीला विनंती आहे की महिन्याचा पहिला रविवार या कामासाठी कायम ठरवावा. जिल्हा कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्याच्या ठिकाणी येतात, त्यांना वर्षातून एकदा आपल्या विहारात बोलवावे. वही, फाईल आणि एक टेबल, एवढाच खर्च आहे. ज्यांना मोबाईल चालवता येतो त्यांनी तो घेऊन यावे, ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी चष्मा घेऊन यावे, आणि ज्यांना यातले काही येत नाही त्यांनी बाईजवळ बसायला यावे, कारण कार्यालयाच्या बाकावर एकटीने बसण्याचे दुःख फार मोठे असते. हे आमच्या भगिनींनी सांगितले, म्हणून जसेच्या तसे तुमच्यापुढे ठेवतो.

१ जानेवारीला कोरेगावला आपण जरूर जाऊ, मेणबत्ती लावू, मानवंदना देऊ. जाताना वाटेत आपल्याच आळीतल्या सैनिकाच्या घरी एकदा डोकावून विचारू, "मावशी, हयातीचा दाखला दिला का?"

 पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही सतरंजीवर बसलेले असू. पिशवी घेऊन या.

नमो बुद्धाय! जयभीम!